बस्त्याच्या आत्या

मी एकदा एका बाईची बावीस वर्षं बंबात घातली आणि त्यांच्या जाळावर सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी तापवलं. पाणी छान कढत झालं होतं. सासूबाईंनी माझं कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतरही केलं नाही, पण त्या दिवशी न्हाणीतून हाक मारून म्हणाल्या, "आज जमलं हो तुला!" मी पदर सावरून अशी उभी राहिले, जणू मोठी पदवी मिळाली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक होते आणि साताऱ्याची होते. तिन्ही गोष्टींचा मला सारखाच गर्व होता. आमच्या ह्यांना पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही चिंचवडगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सकाळी भोंगा झाला की हे सायकल काढायचे. मग दिवसभर घरात मी आणि माझा आरसा, आणि भिंतीपलीकडे घरमालकीण.

घरमालकिणीला सगळं गाव आत्या म्हणायचं. गाव म्हणजे नुसतं चिंचवड नाही. इकडे मारुंजीपासून तिकडे चाकण-निघोज्यापर्यंत. दारातून आत येताना वाकावं लागे एवढी उंच बाई. शेतात गड्याच्या बरोबरीनं राबायची, खुरपं हातात असलं की बोलायची नाही. पण रोज तिन्हीसांजेला ओट्यावर बसून दहाही बोटांना लोणी चोळायची. मला हसू यायचं. ह्यांना मी म्हटलंसुद्धा, "म्हातारपणी नखरे बघा!" तो नखरा नव्हता. ते हत्यार पाजळणं होतं, हे मला कळायला वर्ष गेलं.

कारण आत्या बस्त्याच्या आत्या होत्या. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात आणि नवरीच्या शालूपासून नवऱ्याच्या फेट्यापर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात, तो बस्ता. अजूनही घेतात, आता गाड्या भरून जातात. त्या काळी आमच्या भागातला कुठलाही बस्ता आत्यांशिवाय बांधला जात नसे. मुलीचा बाप पत्रिका जुळल्याबरोबर आधी आत्यांकडे यायचा आणि मग मुहूर्ताला भटजींकडे. दोन्ही बाजूंना त्यांचा शब्द शेवटचा. त्या बोलल्या की वरमाईसुद्धा गप्प बसायची, आणि वरमाईला गप्प बसवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

या कामाचं त्या काही घेत नसत. लुगडं नाही, खण नाही, दुकानदाराचा चहासुद्धा नाही. फक्त नवरीच्या लुगड्याच्या आतल्या टोकाला जे सुटे धागे लोंबत असतात, त्यांना दशा म्हणतात, त्यातली काठाची एक बारीक बट त्या उपटून घ्यायच्या, वातीसारखी वळायच्या आणि कनवटीला लावायच्या. तेवढा त्यांचा मान. त्या दशा पुढे कुठे जातात, हे मी कधी विचारलं नाही. मॅट्रिकला तो धडा नव्हता.

मला त्या नावानं हाक मारत नसत. "ए मॅट्रिक, चल, खेडला जायाचं हाय," अशी भिंतीवर थाप पडली की मी निघायची. त्यांना अक्षरओळख नव्हती. कापडाच्या काठावर गिरणीचा छाप असतो, तो वाचायला मी. मला वाटायचं, माझ्याशिवाय यांचं अडतं. खरं म्हणजे छाप मी वाचायच्या आधीच त्यांनी ओळखलेला असायचा. मी वाचला की त्या मान हलवायच्या, पोरानं पाढा बरोबर म्हटल्यावर मास्तर हलवतात तशी.

कुठंही निघाल्या तरी आत्या आधी कापडाचं दुकान गाठायच्या. खेडला मामलेदार कचेरीत काम असो की जुन्नरला कुणाच्या मयताला जायचं असो. "साहेब काय पळून चाललाय का?" असं म्हणत चपला काढून सरळ गादीवर. आधी पाणी मागायच्या. प्यायला नाही, हात धुवायला. धुऊन, पुसून, वाऱ्यावर धरून हात पार कोरडे झाले की मग कापडाला शिवायच्या. "घामट हातासंगं कापड खोटं बोलतं," म्हणायच्या. कापड पुढ्यात आलं की त्या पहिल्यांदा ते उलटं करत. चांगली बाजू त्या शेवटी बघत, कधी कधी बघतही नसत. नखानं धागे मोजायच्या, एक धागा जिभेवर ठेवायच्या, मग सगळी घडी कानाशी नेऊन चुरगाळायच्या. नवीन गुमास्ते हसायचे. जुने गुमास्ते श्वास रोखून बसायचे.

जुन्नरला एका दुकानात घोंगड्यांची चळत होती. आत्यांनी एकेक घोंगडी नाकाशी नेली आणि एक बाजूला काढून म्हणाल्या, "ही दोन कळपांची लोकर हाय. आर्धी पावसाळी कातरल्याली." दुकानदार म्हणाला, "छे हो, एकाच धनगराची आहे." नेमका तो धनगर बाहेर कट्ट्यावर बसला होता. त्यानं खाली मान घालून सांगितलं, की निम्मी लोकर मेव्हण्याची आहे, आणि त्यानं मेंढ्या आषाढात कातरल्या. दुकानदारानं आत्यांना नमस्कार केला. मी काय केलं असेल? मी ती घोंगडी हुंगली, मला ढीगभर शिंका आल्या, आणि तरी परतीच्या एस.टी.त मी ह्यांना सांगायचं वाक्य जुळवत होते: "आम्ही आज दोन कळपांची लोकर ओळखली."

एस.टी.तही त्यांचं चालूच. पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईचा पदर त्या खुशाल उलटा करून बघायच्या. मोशीला एकदा एक बाई उसळलीच, "ओ म्हातारे, पदर सोड!" आत्या शांतपणे म्हणाल्या, "इरकली हाय बया तुजी, सासूची दिसतीया. आडव्या धाग्यात एक आख्खा हात दुसऱ्या कुणाचा हाय. इनणारी मधीच बाळंतीण झाली असंल." मग हळूच त्या बाईनं स्वतःच पदर उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, आणि चाकण येईपर्यंत तिनं आपल्या सासूची सगळी कथा आम्हाला सांगितली. उतरताना मला लिंबाचं लोणचं दिलं.

एवढी पारख असलेली बाई स्वतः काय नेसायची? दोन जाडीभरडी लुगडी, एक अंगावर, एक दोरीवर. मी विचारलं, तर म्हणाल्या, "हलवाई काय दिसभर पेढं खातो व्हय?"

आता त्या शालूची गोष्ट.

आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी होती, सोळा-सतराची. लग्नात सही करता यायला हवी म्हणून ती दुपारी माझ्याकडे नाव लिहायला शिकायची, आणि पाटी पुसता पुसता नवऱ्याचंही नाव हळूच विचारून घ्यायची. निघोज्याच्या मोठ्या घरात दिली होती. तिचा बाप गरीब आणि अबोल होता. तिकडून माणसं आली की हा आपलं घर असूनही उंबऱ्यावर बसायचा. माघातलं लग्न. बस्त्याला आम्ही सगळे गाडीनं पुण्याला, लक्ष्मी रस्त्यावर गेलो. नवऱ्याच्या मामांनी सांगूनच टाकलं, "खऱ्या जरीचा शालू पायजे. आमच्या घराला साजंल आसा." आमच्या भागातल्या बस्त्यात खऱ्या जरीचा शालू तोवर कधी आला नव्हता.

त्या दुकानाच्या भिंतीवर पाटी होती, ती मी घसा साफ करून मोठ्यानं वाचली: "जरीची पारख गिऱ्हाइकाने आपली आपण करावी. मागाहून तक्रार चालणार नाही." आत्यांनी काडी मागितली. खऱ्या जरीच्या धाग्यातलं रेशीम जळलं की चांदीची तार पांढरी उरते. खोटी असेल तर तांबं काळं पडतं. पण दुकानात जाळ करायला मालक तयार होईना. कापडाचं दुकान, त्याचंही बरोबर होतं. मग आत्यांनी हात धुतले. डाळिंबी रंगाचा तो शालू किती तरी वेळ कानाशी धरला. सगळं दुकान थांबलं होतं. रस्त्यावरच्या टांग्यांचा आवाज तेवढा आत येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "खरी हाय. घ्या." काठाची एक बट घेतली, कनवटीला लावली आणि उठल्या. शालूवरची चोळी शिवायची म्हणून शालू मुलीच्या घरी राहिला.

त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या, आणि पहाटेच्या थंडीत माझा बंब पेटेना. लाकडं दवानं ओली. सासूबाई न्हाणीच्या दाराशी पंचा घेऊन उभ्या. मी इकडेतिकडे बघितलं, तर मागच्या अंगणात वळचणीखाली एक सूप, आणि सुपात चिंध्याच चिंध्या: लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळ्या वळलेल्या, आयत्या काकड्यासारख्या. मी म्हटलं, देव पावला. सगळं सूप बंबाच्या धुराड्यात ओतलं. काय भडकला म्हणून सांगू!

सासूबाईंचं ते कौतुकाचं वाक्य अजून हवेत होतं, तेवढ्यात आत्या वाकून दारातून आल्या. नाक वर धरलेलं.

"रेशीम कोण जाळतंया?"

मी म्हटलं, "रेशीम कुठलं, आत्या? चिंध्या होत्या थोड्या."

त्यांनी रिकाम्या सुपाकडे बघितलं. कसर लागू नये म्हणून आदल्या दुपारी त्यांनी बावीस वर्षांच्या दशा उन्हात घातल्या होत्या आणि संध्याकाळी उचलायच्या राहिल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या. बंब विझेपर्यंत बसल्या. मग खालची राख पुढ्यात ओढून ती बोटांनी चाळली, आणि तळहातावर काही तरी घेऊन मला बोलावलं. केसाएवढ्या तीन-चार तारा होत्या. पांढऱ्या स्वच्छ, चकचकीत.

"बग. खरीच व्हती जर. दुकानात काडी लावू दिली न्हाई, ती तू लावलीस." मग त्यांनी तारांवर फुंकर मारली आणि विचारलं, "सासू न्हाली का तुजी?"

"हो."

"मग झालं."

पुढच्या तीन संध्याकाळी त्या रिकामं सूप मांडीवर घेऊन बसायच्या आणि सुपात बोट फिरवत पुटपुटायच्या. मारुंजीची, हिरवं इरकली, जावा चांगल्या मिळाल्या. खेडची, पिवळं, पहिल्या बाळंतपणात गेली. मी भीत भीत विचारलं, "काय करताय?" म्हणाल्या, "लिवून ठिवतीया." मला त्या रात्री माझ्या मॅट्रिकचा दाखला ट्रंकेत तळाशी ठेवावासा वाटला. ठेवलाही.

चौथ्या दिवशी हळद होती. दुपारी मुलीकडून कुणी तरी धावत आलं, "आत्या, चला, निघोज्याची मान्सं लगीन मोडाया निघाल्यात!"

आम्ही गेलो तर मांडवात शालू पसरलेला, आणि मामा उभे. त्यांच्याकडच्या कुणा शहाण्या बाईला शंका आली होती, तिनं शालूचा धागा काढून काडी लावली, आणि तार काळीठिक्कर पडली. हळदीचं वाटण तसंच राहिलेलं. मुलगी पिवळ्या हातांनी दारात उभी, आणि तिचा बाप मांडवाच्या मेढीला टेकून अंगठ्यानं माती उकरत होता.

"आमी घेतला त्यो शालू ह्यो न्हाई," मामा म्हणाले. "आत्यांनी खरी म्हटली म्हंजी खरी. मग खोटी कुठनं आली? शालू व्हता कुणाच्या घरी? आसल्या घरची पोरगी आमी न्हेणार न्हाई."

सगळे बापाकडे बघायला लागले. त्यानं वर बघितलंच नाही. मग मामा आत्यांकडे वळले.

"आत्या, तुमच्याकडं दशी आसंल. काढा. आत्ता काडी लावू, दूध का दूध करू."

"व्हती," आत्या म्हणाल्या. "जळाली."

"जळाली, का जाळली?" गर्दीतून कुणी तरी बोललं.

मी पुढे झाले. मी सगळं सांगणार होते, खरंच: बंब, सासूबाई, राखेतल्या पांढऱ्या तारा. अगदी तोंड उघडलं. तोच आत्यांचा आवाज आला, "मॅट्रिक, तोंड मिट आन् पानी आण. हात धुवाया."

मी पाणी आणलं. त्यांनी हात धुतले, पुसले, वाऱ्यावर धरले. शालू उलटा केला, धागा जिभेवर ठेवला, घडी कानाशी नेली. त्यांच्या तोंडाकडे बघत मी अगदी जवळ उभी होते. घडी कानाशी लागल्याबरोबर त्यांना कळलं. डोळ्याची पापणी नुसती एकदा लवली. रंग तोच डाळिंबी, बुट्टी तीच. पण शालू दुसरा होता. दुसरा आणलेला होता. त्यांनी मान वळवली, आधी बापाकडे बघितलं, मग त्या पोरीच्या पिवळ्या हातांकडे.

"लुगडं त्येच हाय," त्या म्हणाल्या.

"आन् जर?"

"जर खोटी हाय. त्या दिशी बी खोटीच व्हती. माज्या हाताला कळलं न्हाई."

मामांचा आवाज एकदम उतरला. "आत्या, आवो, तुमच्या हाताला?"

"म्हातारा झाला हात. दुकानदारानं सांगितलं व्हतं, पारख तुमची तुमी करा. या मॅट्रिकनं पाटी वाचली व्हती, तुमी समद्यांनी ऐकली. त्येच्याशी भांडू नगा, ह्या बापाशी भांडू नगा. चुकले मी."

आणि बघा, त्यांच्याकडे पुरावा काही नव्हता. पण मांडवातल्या एकालाही शंका आली नाही. बावीस वर्षं कमावलेलं नाव एखादी बाई उगाच भर मांडवात उकिरड्यावर टाकेल, असं कुणाच्या मनात येणार? मी मात्र त्या तारा तळहातावर बघितल्या होत्या. इतकी मोठी गोष्ट मी माझ्या आयुष्यात इतक्या जवळून परत पाहिली नाही.

आत्याच पुढे म्हणाल्या, "मामा, खोटी जर हाय, पोरगी न्हवं. लगीन कुणासंगं लावताय?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हळद वाटा."

लग्न झालं. मुलीनं सही केली, मी शिकवल्याप्रमाणे, फक्त शेवटच्या अक्षरावर कानामात्रा विसरली. बापानं तो शालू का बदलला, खरा कुठे गेला, हे मला आजही ठाऊक नाही. वरात निघाल्यावर तो आत्यांच्या समोर येऊन उभा राहिला. काही तरी बोलणार होता. आत्यांनी त्याला बोलू दिलं नाही. "जा, माणसं जेवायची हायती," एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी पुढचा एकही बस्ता आत्यांकडे आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. लोक चांगलेच वागायचे, रस्त्यात रामराम घालायचे, पण मुलीचा बाप आता आधी भटजींकडे जायचा. आत्या तिन्हीसांजेला ओट्यावर बसून बोटांना लोणी चोळायच्या. एक दिवसही चुकला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात भिंतीवर थाप पडली. "मॅट्रिक, खेडला जायाचं हाय." एस.टी.तून उतरून आत्या सवयीनं कापडाच्या दुकानाशी गेल्या, चपला काढल्या, गादीवर बसल्या. बातमी तिथंही पोचली होती. गुमास्ता गालात हसला. पण म्हातारा मालक स्वतः उठला, तांब्या घेऊन आला आणि त्यांच्या हातावर पाणी घालत म्हणाला, "बाई, कालच महेश्वरी लुगडी आली आहेत. तुम्ही बघितल्याशिवाय मी मांडत नाही." आत्यांनी हात वाऱ्यावर धरले. वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. इतके दिवस मनात ठेवलेलं मी त्या भर बाजारात रडत रडत बोलून टाकलं. म्हटलं, "आत्या, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? मी त्या दशा जाळल्या नसत्या, तर तुमच्यावर ही पाळी आली असती का?"

त्या चालता चालता थांबल्या. माझा पदर हातात घेतला, सवयीनं उलटा केला, त्याच्या उलट्या बाजूनंच माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येडी का खुळी तू? बरं झालं जाळल्यास त्या. न्हाईतर मला खरं बोलाया लागलं असतं."